टिटवी आणि सुसर

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो आहे : भाषेच्या व्यासपीठावर टिटवी आणि सुसर कशाला? प्राणिशास्त्राचे लोक काय कमी आहेत? त्यावर माझे उत्तर असे की, हे दोन्ही प्राणी प्रयोगशाळेत जाण्याच्या कितीतरी आधी आपल्या म्हणींत येऊन बसले. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ असे आपण म्हणतो आणि ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ असेही म्हणतो. एकीचे कौतुक, दुसरीची भीतीपोटी खुशामत. दुसरे कारण भूगोलाचे. या सभागृहापासून साठेक किलोमीटरवर चंबळ वाहते. तिच्या वाळूत या दोघी एकाच ऋतूत, कधी कधी हाकेच्या अंतरावर, अंडी घालतात. म्हणीत दोन टोकांना बसवलेले प्राणी वाळूवर शेजारी आहेत. ही काय भानगड आहे, एवढेच आज बघायचे आहे.

आपल्या शास्त्रकारांनी उपमेविषयी एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. तिथे साधर्म्य लागते, तसाच भेदही लागतो. दोन वस्तू सर्वस्वी एक असतील तर उपमा संभवतच नाही. मम्मटाने हे अगदी थोड्या शब्दांत सांगितले. वर्गात मी हे शिकवते तेव्हा मुले मुख आणि चंद्र लिहून मोकळी होतात. चंद्र कुणी नीट बघितलेला नसतो आणि खरे तर मुखही नाही. तुलना ही बघण्याची शिस्त आहे. म्हणून यंदा उदाहरण बदलून पाहिले.

आधी कथांतून सुरुवात करू. पंचतंत्रात दोघींनाही जागा आहे. पहिल्या तंत्रात टिटवा आणि टिटवी समुद्रकाठी अंडी घालतात, समुद्र ती ओढून नेतो, आणि टिटवा समुद्र आटवण्याची प्रतिज्ञा करतो. सगळे पक्षी जमतात, गरुडापर्यंत गाऱ्हाणे जाते, गरुडाकडून विष्णूपर्यंत. अग्निबाण रोखला जातो तेव्हा कुठे समुद्र अंडी परत करतो. चौथ्या तंत्रात मगर आहे. झाडावरच्या माकडाशी मैत्री करणारा, बायकोच्या हट्टापायी त्याचे काळीज मागणारा आणि शेवटी फसणारा. लक्षात घ्या, पक्ष्याला कथाकाराने आईबाप केले आणि सरपटणाऱ्याला मूर्ख नवरा. टिटवीच्या कथेत अंडी आहेत. मगरीच्या कथेत अंडी नाहीत, पिल्ले नाहीत, घरटे नाही. फक्त भूक आहे. हा भेद वाळूवर टिकत नाही, हे पुढे दिसेल.

मराठीत टिटवीचा मान तर विशेषच. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात गीतार्थ सांगण्याचे आपले धाडस वर्णन करताना स्वतःला टिटिभाच्या जागी ठेवले : चोचीने सागराचे माप घेऊ पाहणारा पक्षी. आपल्या भाषेतल्या एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या उंबरठ्यावर ग्रंथकर्ता टिटवीच्या रूपात उभा आहे, ही गोष्ट मला फार हलवून जाते. आणि त्याच वेळी आपल्या घरांत, रात्री टिटवी ओरडली की ‘काहीतरी वाईट होणार’ म्हणून आजी दार लावून घेते. ग्रंथात विनयाची खूण, अंगणात अपशकुन. बिचारी टिटवी रात्री ओरडते ती कुत्रे, मांजर किंवा माणूस घरट्याजवळ आला म्हणून. तिच्या घराचा अपशकुन आपणच असतो.

सुसरीला संतांनी असा मान दिल्याचे मला आठवत नाही. पण सगळ्याच सरपटणाऱ्यांवर अन्याय झाला असेही नाही. नुसत्या नजरेने पिल्ले पोसणारी कासवी संतवाङ्मयात किती ठिकाणी येते! वात्सल्याचा इतका नाजूक दृष्टान्त आपल्याकडे एका सरपटणाऱ्या प्राण्यावरून घेतला गेला. प्रत्यक्षात कासवी अंडी पुरून निघून जाते आणि पिल्लांकडे बहुधा वळूनही बघत नाही. जिने पिल्ले सांभाळली त्या सुसरीला म्हणीत खुशामत मिळाली आणि जिने सांभाळली नाहीत तिला ओव्यांत जागा. भाषेचा न्याय असा असतो.

आता शब्दांकडे येते, कारण माझा धंदा तोच. ‘सुसर’ हा शब्द संस्कृत ‘शिशुमार’वरून आला. त्याच शब्दाचे हिंदीत ‘सूंस’ झाले, आणि सूंस म्हणजे नदीतला डॉल्फिन. एकच शब्द, उत्तरेत तो श्वास घेण्यासाठी पाण्याबाहेर उसळणाऱ्या सस्तन प्राण्याला चिकटला आणि आपल्याकडे कातडीवर खवले असलेल्या प्राण्याला. चंबळेत दोघेही आहेत. म्हणजे एकाच डोहात एकाच शब्दाची दोन नातवंडे पोहत आहेत, आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

‘शिशुमार’ याचा सरळ अर्थ ‘लेकरे मारणारा’. हा अर्थ डोक्यात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

आणखी एक गंमत. महाराष्ट्रातल्या नद्यांत, सांगलीकडच्या कृष्णेत वगैरे, जी मगर आहे ती रुंद तोंडाची. लांब, काठीसारख्या निमुळत्या तोंडाचा प्राणी, ज्याला इथले लोक घडियाल म्हणतात, तो सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी यांच्या पाण्यातला. कृष्णा-भीमेकाठच्या माणसाने तो पाहिलेला असण्याचे कारण नाही. तेव्हा म्हणीतली सुसरबाई बहुधा रुंद तोंडाची मगरच असावी. आपले पूर्वज अठराव्या शतकात माळवा ओलांडून चंबळेपर्यंत आले, तेव्हा त्यांना हा नवा प्राणी दिसला असणार, आणि त्यांनी गाठोड्यातला जुना शब्द काढून त्याला लावला असणार. नदी बदलली, शब्द तोच ठेवला. आपण इथले मराठी लोक हेच सगळ्या बाबतीत करत आलो. मी आज ‘सुसर’ म्हणते ती याच अर्थाने, घडियालासाठी. आणि मगर म्हणजे ती दुसरी. चंबळेत तीही आहे.

‘घडियाल’ शब्दाची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. वयात आलेल्या नराच्या नाकपुडीवर मडक्यासारखा एक गोळा वाढतो. हा घडा, म्हणून घडियाल, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यातून तो फुंकरल्यासारखा घुमणारा आवाज काढतो. आता आपले ‘घड्याळ’ बघा. ‘घटी’ म्हणजे छोटे भांडे; बुडाला भोक पाडून पाण्यात सोडायचे आणि ते बुडेपर्यंतची वेळ मोजायची. त्या भांड्यावरून घटका, घडी आणि घड्याळ. म्हणजे भिंतीवरचे घड्याळ आणि नदीतला घडियाल हे दोन्ही एकाच मडक्यातून निघाले. हिंदीत खोट्या रडण्याला ‘घड़ियाली आँसू’ म्हणतात. एका विद्यार्थिनीने त्याचे मराठी भाषांतर उत्तरपत्रिकेत ‘घड्याळाचे अश्रू’ असे केले. मी गुण कापले नाहीत. वेळ संपत आली की घड्याळही रडत असेल. योग्य शब्द ‘नक्राश्रू’ हे मात्र समासात लिहून दिले.

त्याच वर्गात दुसऱ्या एकाने ‘पाण्यात राहून मगरीशी वैर करू नये’ असे लिहिले. मराठी म्हण ‘पाण्यात राहून माशाशी वैर’ अशी आहे. हिंदीत ‘जल में रहकर मगर से बैर’. ही अदलाबदल मला चूक म्हणून नव्हे तर पुरावा म्हणून महत्त्वाची वाटते. मराठी म्हणीत मासा का आला असेल? माझा तर्क असा की मासा पाण्याचा रहिवासी, तुमच्या आधीपासून तिथे असलेला, म्हणून वैर व्यर्थ. हिंदी म्हणीत मगर पाण्याची धनीण, म्हणून वैर घातक. एकीत शेजाऱ्याचा विचार, दुसरीत सत्तेचा. दोन्ही म्हणी घरात ऐकणारे मूल ग्वाल्हेरात वाढते आणि ते माशाच्या जागी मगर ठेवते. त्याला मी शुद्ध मराठी शिकवते, ते माझे कामच आहे. पण त्याने जे केले ते मनातल्या मनात नोंदवूनही ठेवते.

असो. शब्द पुरे, आता वाळू.

चंबळ उगम पावते आपल्या इंदूरजवळ, महूच्या जानापाव डोंगरात. होळकरांच्या मुलखातून निघते आणि शिंद्यांच्या मुलखाला वळसा घालून इटाव्याच्या बाजूला यमुनेला मिळते. साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास तिचा प्रवास. वर गांधीसागर, खाली कोट्याचा बंधारा. तिथे तिचे पुष्कळ पाणी कालव्यांत जाते. पुढे काली सिंध, पार्वती, बनास येऊन तिला पुन्हा नदी करतात. पुराणात ती चर्मण्वती, रंतिदेवाच्या यज्ञातल्या कातड्यांच्या ढिगातून निघालेली. त्या कथेमुळे ती अपवित्र ठरली, तिच्या काठी मोठी तीर्थे झाली नाहीत, मोठी शहरेही फार झाली नाहीत. पुढे दरोडेखोरांची दहशत. या बदनामीने नदीचे जेवढे रक्षण केले तेवढे कोणत्याही स्तोत्राने झाले नसते. १९७०च्या दशकाच्या मध्यात देशभरात सुसरी दोनशेच्या आत उरल्या असाव्यात असा अंदाज होता. १९७५मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला, पाठोपाठ तीन राज्यांत पसरलेले राष्ट्रीय चंबळ अभयारण्य झाले. आज जगातल्या सुसरींचा सर्वांत मोठा भाग या एका नदीत आहे. अलीकडच्या गणनांत इथला आकडा दोन हजारांच्या वर गेला आहे.

टिटवीला अभयारण्य लागत नाही. तांबड्या गाठीची ताम्रमुखी टिटवी शेतात, रेल्वेच्या खडीत, कारखान्याच्या सपाट गच्चीवरही अंडी घालते. पण तिची एक चुलत बहीण आहे, नदी टिटवी. काळी टोपी, काळा गळा. ती मोठ्या नद्यांच्या वाळवंटाशिवाय राहू शकत नाही, आणि तिची संख्या घटते आहे. आपल्या म्हणीने या बहिणींत भेद केलेला नाही. मीही आज फार करणार नाही, कारण अंडी घालण्याची रीत दोघींची एकच.

ती रीत म्हणजे जवळजवळ काहीच न करणे. वाळूत किंवा खड्यांत छातीने थोडा खळगा करायचा, आणि त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोके आत करून. काडी नाही, कापूस नाही. अंड्यांचा रंग इतका मातकट-ठिपकेदार की दोन पावलांवर उभे राहूनही दिसत नाहीत. माळव्यात आणि महाराष्ट्रातही शेतकरी यावरून पावसाचा अंदाज बांधतात : उंचवट्यावर अंडी असली तर पाऊस जोरात, चार अंडी तर चार महिने. हवामानशास्त्र याला मान्यता देत नाही. पण एखाद्या पक्ष्याने अंडी किती उंचीवर घातली हे वाकून बघणारा शेतकरी मला हवामानाचा संदेश वाचणाऱ्यापेक्षा जास्त आवडतो, हे कबूल करते.

सुसर मार्च-एप्रिलमध्ये रात्री वाळूवर चढते. मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा काढते, त्यात तीस-चाळीस, कधी जास्तही अंडी घालते आणि वाळू लोटून जागा सारखी करते. एक एक अंडे दीडशे ग्रॅमच्या आसपास. मगरींच्या सगळ्या गोतावळ्यात इतके मोठे अंडे कुणाचे नाही.

इथून खरी तुलना सुरू होते. टिटवीचे अंडे उघड्यावर, सुसरीचे पुरलेले. एप्रिल-मेचे आपले ऊन तुम्हाला सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत टिटवीला अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात. म्हणून ती अंड्यांवर बसत नाही, सावली धरून उभी राहते. मध्येच पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने परत येऊन अंडी ओली करते. नर-मादी पाळीपाळीने. आपण ‘उबवणे’ हा एकच शब्द वापरतो; या कामाला मराठीत शब्दच नाही. सुसरीला ही धावपळ नाही. तिच्यासाठी ते काम वाळू करते, आणि वाळू आणखी एक गोष्ट करते : पिल्लू नर होणार की मादी, हे ठरवते. सुसरीत ते गुणसूत्रांनी ठरत नाही, खड्ड्यातल्या तापमानाने ठरते. एक-दोन अंशांचा फरक पडला की घरट्याचा कल बदलतो. टिटवीत, सगळ्याच पक्ष्यांत, ते आईच्या बीजात ठरते. म्हणजे एकीच्या मुलींचा हिशेब तिच्या पोटात आणि दुसरीच्या मुलींचा हिशेब नदीकाठच्या ढिगाऱ्यात.

मला सर्वांत चकित करणारा भेद वेगळाच आहे. पक्ष्याचे अंडे उबवताना फिरवावे लागते. आई चोचीने अंडी हलवते, उलटी-सुलटी करते. तसे केले नाही तर गर्भ कवचाला चिकटण्याचा धोका. सुसरीचे अंडे मात्र कधीही फिरवायचे नाही. घातल्यावर दिवसभरातच गर्भ वरच्या बाजूला चिकटतो, आणि नंतर अंडे उलटे झाले तर तो मरण्याची भीती. मुरैन्याजवळ देवरीला घडियाल केंद्र आहे. तिथे नदीवरून अंडी आणून उबवतात, पिल्ले थोडी मोठी करून नदीत सोडतात. अंडी उचलण्याआधी वरच्या बाजूला खूण करण्याची पद्धत आहे ती याचसाठी. जसे होते तसेच ठेवायचे, वरचे वर, खालचे खाली. हलवणे ही एका लेकराची माया, आणि न हलवणे ही दुसऱ्याची. मुले वाढवण्यावरची पुस्तके लिहिणाऱ्यांनी दोन्ही घरटी बघून घ्यावीत.

आणि साम्य? मेअखेर-जूनमध्ये, दोन-अडीच महिन्यांनी, वाळूखालून आवाज येतात. सुसरीची पिल्ले अंड्यातूनच बोलतात. टिटवीची पिल्लेही फुटण्याआधी कवचाआतून चिवचिवतात. सुसर तो आवाज ऐकून वाळू उकरते. मगर पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. सुसरीचा जबडा निमुळता, वर-खाली मिळून शंभरावर अणकुचीदार दात, मासे पकडण्यासाठी घडलेला. त्यात पिल्लू धरणे अवघड. म्हणून ती पिल्ले पाण्याशी गोळा होतात, अनेक आयांची एकत्र, शेकड्यांनी, आणि त्यांच्या मध्ये एक मोठा नर, नाकावर घडा असलेला, पाण्यात पसरलेला. पिल्ले त्याच्या पाठीवर चढून बसतात. चंबळेवरची अशी छायाचित्रे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील : पाठ दिसतच नाही, नुसती पिल्ले.

आता ‘शिशुमार’ आठवा. आणि ती मऊ पाठही आठवा, जी आम्ही थट्टेने मऊ म्हणत आलो.

टिटवीची पिल्ले फुटल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात. कुत्रा आला तर आई पंख मोडल्यासारखी लंगडत त्याला दूर नेते आणि पिल्ले जागच्या जागी दगड होतात. हा अभिनय शुद्ध कपट आहे, पण याला कुणी ‘टिटवीचे सोंग’ म्हणून हिणवत नाही. मगरीच्या डोळ्यातले पाणी, जे डोळा ओला ठेवण्यासाठी असते, ते मात्र ढोंग ठरले.

शास्त्राच्या वर्गीकरणाकडे येते. आपल्या परंपरेत जीवांचे चार गट : जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. अंडजांत पक्षी, साप, मगर, मासे, कासव सगळे एकत्र. ‘द्विज’ शब्दही पक्ष्याला लागतो. एकदा अंड्याने, एकदा अंड्यातून जन्म. पाश्चात्त्य वर्गीकरणात लिनिअसने पक्ष्यांना वेगळे घर दिले आणि मगरीला बेडकांच्या शेजारी बसवले. एकोणिसाव्या शतकात हक्सलेने पक्षी आणि सरपटणारे यांना पुन्हा एका छपराखाली आणले. आज रक्ताचे आणि हाडांचे पुरावे त्याहून पुढे गेले आहेत : मगर-सुसर यांची सर्वांत जवळची जिवंत नातेवाईक पाल नव्हे, साप नव्हे, कासवही नव्हे. पक्षी. दोघांचा समान पूर्वज सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा. दोघांचे हृदय चार कप्प्यांचे. २०१०मध्ये मगरीच्या जातभाई अ‍ॅलिगेटरवर झालेल्या संशोधनात दिसले की, त्याच्या फुप्फुसात हवा पक्ष्यासारखीच एकाच दिशेने फिरते. तेव्हा टिटवी आणि सुसर यांना एका वाक्यात आणणे ही कवीची लहर नाही.

इथे एक सावधगिरी. लगेच कुणीतरी म्हणेल की आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते. नव्हते. अंडजांत त्यांनी मासेही घातले होते. त्यांनी अंडे पाहिले आणि अंड्यावरून गट केला. हे निरीक्षण चांगले होते, तेवढे श्रेय पुरेसे आहे. तसेच हिरोडोटसने लिहिलेली कथा, मगर जबडा उघडते आणि एक छोटा पक्षी आत शिरून जळवा टिपतो. तो पक्षी म्हणजे टिटवीचीच आफ्रिकेतली एखादी नातलग असावी असे काहींनी सुचवले. अडीच हजार वर्षे ही कथा पाठ्यपुस्तकांत सहजीवनाचे उदाहरण म्हणून फिरते आहे, आणि भरवशाचा पुरावा अजून नाही. सुंदर उपमेला पुरावा मागायचा नसतो असे नाही.

एक नाते मात्र खरे आहे आणि वाईट आहे. पक्षी आणि सरपटणारे दोघेही नको असलेले नत्र मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपात टाकतात. मूत्रपिंड बिघडले की ते आम्ल शरीरात साठते, आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसतो. आपली गिधाडे अशीच मेली. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने हे होते असे २००४मध्ये सिद्ध झाले आणि २००६मध्ये त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. पुढे हिवाळ्यात, २००७-०८ला, चंबळेच्या खालच्या टप्प्यात, इटाव्याच्या बाजूला, शंभरावर सुसरी मरून काठाला लागल्या. शरीरे उघडली तर आत तोच पांढरा थर. संशय यमुनेतून आलेल्या विषावर गेला. एक आकाशातला, एक डोहातला, आणि मरण्याची तऱ्हा एक. पंचवीस कोटी वर्षांचे नाते मला हक्सलेच्या पुस्तकापेक्षा या पांढऱ्या थरावरून जास्त पटले.

आणि वाळू. ज्या वाळूत या दोघींची घरटी, तिच्यावरच आपली घरे उभी आहेत. अभयारण्यात रेती उपसायला बंदी आहे, तरी उपसा चालतो. ट्रॅक्टर रात्री निघतात. २०१२मध्ये मुरैना जिल्ह्यात बेकायदा दगड नेणारा ट्रॅक्टर अडवताना एका तरुण पोलीस अधिकाऱ्याला चिरडले गेले. ज्या ढिगातून ट्रॉली भरते त्याच ढिगात एप्रिलमध्ये अंडी असतात. पाणी कमी झाले की नदीतली बेटे काठाला चिकटतात आणि कुत्री, कोल्हे चालत घरट्यापर्यंत पोचतात. सुसर त्यांना हुसकते, नदी टिटवी ओरडते, लंगडते. पनचीरा नावाचा पक्षी, खालची चोच लांब असलेला, पाणी चिरत उडणारा, तोही याच बेटांवर अंडी घालतो आणि त्याची गणना आता संकटग्रस्तांत आहे. पनचीऱ्याचा मराठीत सहज पाणचिरा होतो, पण मी कुठल्याही ग्वाल्हेरकर मराठी लेखकाच्या लेखनात तो अजून वाचलेला नाही.

हे मला बोचते. १८१०च्या सुमारास दौलतरावांनी लष्कर इथे आणून बसवले. दोनशे वर्षांहून अधिक काळ आपण या नदीच्या शेजारी मराठी बोलतो आहोत. इथे उत्तम कविता झाली, नाटके झाली, गाणे तर झालेच. पण आपल्या मुलांच्या मराठी पुस्तकातली नदी कृष्णा असते, डोंगर सह्याद्री असतो, आणि पक्षी कोकणातला. चंबळ मराठीत येते ती बहुधा दरोडेखोरांबरोबर. सह्याद्री मुलांना कळू नये असे मी म्हणत नाही. पण ज्या नदीची वाळू त्यांच्या भिंतीत आहे, त्या नदीतल्या घड्याला, सुसरीच्या खड्ड्याला, टिटवीच्या ओल्या पोटाला मराठी शब्द नसतील, तर आपली मराठी इथे राहते कुठे? पाहुणी म्हणून किती वर्षे राहणार?

गेल्या वर्षी मी एम.ए.च्या मुलांना निबंधाऐवजी एक काम दिले. प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नदी, वाळू, पक्षी यांविषयीचे दहा शब्द आणायचे, आणि नावाड्यांकडून, शेतकऱ्यांकडून दहा. पहिली यादी पटकन आली आणि बहुतेक पुण्याची निघाली. दुसरी यायला चार महिने लागले, पण ती जड होती. त्यात वाळूच्या बेटाला तीन वेगवेगळे शब्द होते, ओलसर वाळूला वेगळा, पायाखाली खचणाऱ्या वाळूला वेगळा. ते शब्द हिंदीचे की ब्रजचे की बुंदेलीचे, यावर वर्गात भांडण झाले. होऊ दे. ‘सुसर’ही कधीकाळी कुठूनतरी आलीच होती.

ती यादी अजून अपुरी आहे. अंड्यातून बोलणाऱ्या पिल्लांच्या आवाजाला नावाडी काय म्हणतात, हे त्यात नाही. टिटवी पोट भिजवून येते त्याला कुणीतरी काहीतरी म्हणतच असणार, तेही नाही. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात, अंडी फुटायच्या वेळी, धौलपूर रस्त्यावरच्या राजघाट पुलाकडे जायचे ठरते आहे. वनखात्याची परवानगी लागते, तो अर्ज गेला आहे. पहाटे पाचला निघावे लागेल, कारण नऊनंतर वाळूवर पाय ठेवता येत नाही. पाणी आपले आपण आणायचे, काठावरून बघायचे, बेटावर उतरायचे नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी बाहेर मेजावर वही ठेवली आहे तिच्यात नाव लिहावे, आणि नावापुढे नदीचा एक शब्द.